सोवळ्यातली माणसं

"म्हणजे लघवी दाबून धरायची?" आमच्या ह्यांनी विचारलं, आणि विचारताना मान इतकी खाली घातली की हनुवटी सदऱ्याच्या बटणाला लागली.

"हो काका. मशीनवर झोपायच्या आधी दोन-तीन ग्लास पाणी प्यायचं आणि धरून ठेवायचं. मूत्राशय भरलेलं असलं की आतडी बाजूला राहतात, किरणं नेमकी गाठीवर पडतात. शनिवार-रविवार सोडून रोज यायचं, असे पाच-सहा आठवडे."

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या लेकीएवढी, पद्माएवढी. नाझनीन मुजावर नाव. टेबलापुढं खुर्च्या तीन होत्या. एकीवर हे बसलेले, दुसरीवर रेवणभावजी, आणि तिसरीवर रेवणभावजींची पिशवी. मी भिंतीला टेकून उभी. नवरा माझा, दुखणं माझ्या नवऱ्याचं, आणि बसायला जागा पिशवीला! बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी स्वतः उठून पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "काकू, बसा. हे तुम्ही ऐकायला हवं."

ह्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. वय सहासष्ट. गाठ होती त्या जागीच होती, बाहेर कुठं गेली नव्हती, एवढं आमचं नशीब. रेवणभावजी म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, धाकट्या घरातले. त्यांच्याकडं गाडी होती आणि तालुक्याच्या गावी ओळखी होत्या, म्हणून प्रत्येक खेपेला ते बरोबर असायचे. डॉक्टरशी तेच बोलायचे, रिपोर्ट तेच हातात घ्यायचे. मला वाटायचं, करतोय बिचारा. शेवटी भाऊ तो भाऊच.

बाईंनी सगळं उलगडून सांगितलं. एक, ऑपरेशन करून ग्रंथीच काढायची; पण त्यानंतर काही महिने लघवीवर ताबा राहत नाही, काहींचा कायमचाच जातो. दुसरं, आत सुया घालून किरणं द्यायची. पण ती सोय पुण्या-मुंबईला. तिसरं, बाहेरून किरणं आणि जोडीला सहा महिने इंजेक्शनं. त्यानं गाठीला मिळणारं पुरुषी हार्मोनचं खतपाणी तुटतं आणि ती वाळते.

"इंजेक्शनांनी अंगातून गरम वाफा येतील," बाई म्हणाल्या. "मध्येच घाम फुटेल, चिडचिड होईल, उगाच रडू येईल."

"म्हणजे आम्हा बायकांना व्हायचं तेच की," मी म्हटलं.

बाई हसल्या. "अगदी तेच. पण इंजेक्शनं थांबली की हळूहळू शरीर पूर्वपदाला येतं. काकांसाठी मला हेच बरं वाटतं. त्यांना आधीच थोडा लघवीचा त्रास आहे, त्यात ऑपरेशन नको."

ह्यांनी तेवढ्या वेळात एकच गोष्ट विचारली. "पूजा करता येईल?"

"का नाही येणार? आमच्या घरी दर्ग्याच्या सेवेची पाळी असते. अब्बा तापात फणफणले तरी सोडत नाहीत. मला कळतं, काका."

तेवढ्यात रेवणभावजी पुढं सरकले. "मॅडम, ते खालचं काढून टाकायचं पण असतं म्हणे. एकदाच काय ते. इंजेक्शनाची कटकटच मिटली."

"वृषण काढणं? ते आजार हाडात पसरला तर. काकांना त्याची गरज नाही. आणि एकदा काढलं की ते परत येत नाही."

"पण करता येतं ना?"

"करता सगळंच येतं," बाई जरा कडक आवाजात म्हणाल्या. "पण मी सांगणार नाही. आठवड्याभरात कळवा, म्हणजे तयारीचा स्कॅन करू."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं, ह्यांनीही ऐकलं. रेवणभावजींनी तर विचारूनच घेतलं होतं.

आता आमच्या देवळाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही गुरव. गावच्या महादेवाची पूजा आमच्या दोन घरांत वाटलेली. श्रावण आणि शिवरात्र थोरल्या घराकडं, म्हणजे आमच्याकडं. बाकीचं वर्ष धाकट्या घराकडं. खरा मान श्रावणाचा. पालखीपुढं उभं राहायचं ते थोरल्या घरानं. आम्हाला मुलगा नाही, एकटी पद्मा, ती लग्न होऊन बेळगावला. म्हणजे ह्यांच्या माघारी तो मान आपसूक रेवणभावजींच्या घरात जाणार होता. पण माणसाला धीर म्हणून नसतो.

आणि आमच्यात एक रीत आहे. आजारी पडला तर गुरवानं पाळी भावाला द्यावी आणि बरा झाला की परत घ्यावी. पण ज्याच्या अंगातलं काही गेलं, त्यानं पुन्हा गाभाऱ्यात पाऊल टाकायचं नाही. ह्यांच्या एका चुलत्याची दोन बोटं कडबाकुट्टीत गेली. तो माणूस पुढं वीस वर्षं जगला, पण उंबऱ्याबाहेर बसून घंटा ऐकत राहिला.

घरी आल्यावर मी म्हटलं, "चला, किरणं घेऊ. एसटीनं जाऊ रोज. मी येते."

हे म्हणाले, "बघू."

"बघू काय? बाई सांगतात बरे व्हाल, आणि तुम्ही बघू म्हणता?"

"रेवण म्हणतो, रोजची दगदग मला झेपणार नाही. एकदाच काय ते करून टाकावं."

"रेवण काय डॉक्टर आहे? बाई काय बोलल्या ते तुम्ही ऐकलंत ना? तिथं कान होते की ते पण पिशवीत ठेवले होते?"

नवरा गप्प. चाळीस वर्षं संसार केला, ह्यांचा राग बघितला, हट्ट बघितला, पण हे असलं गप्प बसणं कधी बघितलं नव्हतं. ताटातलं अर्धं अन्न तसंच टाकून उठले. मला त्या गप्प बसण्याचा असा तिटकारा आला म्हणून सांगू! अरे, तुझं अंग, तुझा जीव, आणि ठरवणार कोण, तर रेवण?

दोन दिवसांनी छबू आली. छबू म्हणजे रेवणभावजींची बायको, माझी धाकटी जाऊ. मनानं वाईट नाही, पण पोटात काही राहत नाही तिच्या. मी परसात शेंगा फोडत बसले होते. ती पायरीवर टेकली, इकडचं तिकडचं बोलली आणि म्हणाली, "अक्का, देवाची सहाण तेवढी द्याल? आमच्याकडची चिरलीय. घासूनपुसून ठेवते म्हटलं."

चंदन उगाळायची देवाची सहाण. ती थोरल्या घरातून कधी बाहेर जात नाही. माझी सासू मला सांगून गेलेली, पोर दे पण सहाण देऊ नको.

"ती कशाला गं तुला?"

"आता श्रावणात आमच्याकडंच येणार ना सगळं. ह्यांनी पूजेला नेसायचा रेशमी मुकटा पण आणलाय नवा. म्हटले, दादांचं ते ऑपरेशन झालं की दादांना आत जाता येणार नाही, तर आपली तयारी असावी." एवढं बोलून तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! तुम्हाला म्हाईत न्हवतं व्हय?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. तोंडाला पाणी सुटलं, उलटी व्हायच्या आधी सुटतं तसं. भावाला कॅन्सर झालाय, अजून उपचार ठरले नाहीत, आणि ह्यानं मुकटा आणलाय! भावाचं अंग कापायला सांगतोय, कशासाठी, तर श्रावणात पालखीपुढं उभं राहायला!

"छबू, घरी जा," मी म्हटलं. "आणि सहाण माझ्या मढ्यावरून ने."

ती रडत गेली. मी थेट माजघरात. हे पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडलेले. मी दार लावून घेतलं.

"रेवणनं मुकटा आणलाय, माहीत आहे तुम्हाला?"

ह्यांनी पांघरूण खांद्यावर ओढलं.

"अहो, तुमच्याशी बोलतेय मी! तो तुमच्या अंगाला कमीपणा आणून तुम्हाला गाभाऱ्याबाहेर काढतोय, आणि तुम्ही त्याला मान हलवताय. का? कशापायी?"

हे भिंतीकडं बघतच म्हणाले, "त्याला सगळं कळलंय."

"काय कळलंय?"

"शिवरात्रीला. पिंडीजवळ बसलो होतो. उठलो तेव्हा मुकटा मागून ओला होता. रेवण माझ्या मागंच उभा होता. भामा, मला कळतच नाही कधी येतं ते. गाभाऱ्यात बसल्या बसल्या. देवापुढं."

"मग?"

"मग काय? तो म्हणाला, पंचांना सांगितलं तर पिंड धुवून काढतील, होम घालतील, साऱ्या गावाला कळेल की निळू गुरवानं मुतलेल्या सोवळ्यानं देवाला हात लावला. बापाचं नाव जाईल. त्यापेक्षा हे ऑपरेशन करून घे. आजारानं पाळी सुटली म्हणतील लोक. इज्जतीनं बाहेर पडशील."

तर हे असं होतं. मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "आणि तुमचं सोवळं धुतं कोण?"

ते वळले. पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

गुरवाचं सोवळं गड्याच्या नाहीतर लेकीच्या हाती देत नाहीत. घरच्या बाईनं अंघोळ करून, ओल्या लुगड्यानं धुवायचं आणि काठीनं उचलून दांडीवर टाकायचं. माझ्याशिवाय ह्यांच्या मुकट्याला कोणाचा हात लागत नव्हता. शिवरात्रीला लागला डाग? अहो, घरच्या पूजेचं मी गणपतीपासून धूत होते! वास काय मला येत नव्हता? मी सासूचं हागणंमुतणं दोन वर्षं काढलंय, मला मुताची किळस नाही. मी बोलले नाही, कारण म्हटलं, म्हातारपण आहे, गड्याला लाज वाटेल. पण ज्या लाजेला मी झाकत होते, तीच विकून खायला निघाला होता रेवण.

"उद्या किरणांचं कळवते मी बाईंना," मी म्हटलं.

"नको. रेवण बोलेल. पद्माच्या सासरपर्यंत जाईल."

"जाऊ दे."

"भामा, मी मरेन पण हे ऐकून घेणार नाही," हे म्हणाले. आणि ते खरं बोलत होते. तेच तर माझं संकट. बोलले तर हा माणूस लाजेनं मरणार, आणि गप्प बसले तर रेवण ह्याला कापून जिवंतपणी उंबऱ्याबाहेर बसवणार. त्या चुलत्यासारखा हाही घंटा ऐकत कुजला असता. मी ओळखते ना माझ्या माणसाला.

रविवारी भाऊकी बसली, आमच्याच घराच्या पुढच्या सोप्यात. मधोमध दादाप्पा. ते दोन्ही घरांचे वडीलधारे, पंचांतले मुख्य, ऐंशी पार केलेले. शेजारी आबा आणि बापू, दोघंही सत्तरीचे. रेवणभावजी इस्त्रीचे कपडे घालून. हे खांबाला टेकून, अंग चोरून बसलेले. मी चहा दिला आणि दाराआड उभी राहिले. बाईनं अशा बैठकीत दाराआडच उभं राहायचं, ही आमची रीत.

"डॉक्टरणीनं तीन-चार उपाय सांगितले," रेवणभावजींनी सुरुवात केली. "पण तिचं म्हणणं असं पडलं की, काढून टाकणंच बरं. मी स्वतः विचारलं. दादाचीही तयारी आहे. आता रीतीप्रमाणं श्रावण आमच्याकडं येतो. माझी इच्छा नाही, पण देवाची सेवा बंद पडू नये म्हणून..."

"निळू, तुझी तयारी हाय?" दादाप्पांनी विचारलं.

ह्यांनी मान हलवली.

मी दाराबाहेर आले. पदर खोचला. "डॉक्टरबाई असं काही बोलल्या नाहीत."

सगळ्या माना वळल्या.

"वैनी, तुम्ही आत जावा," रेवणभावजी म्हणाले. "हे गड्यांचं दुखणं हाय."

"गड्यांचं दुखणं, आणि धुणं बाईचं! बाई म्हणाल्या, काढायची गरज नाही. तुम्ही दोनदा विचारलंत, त्यांनी दोनदा नाही म्हटलं. किरणं घ्या म्हणाल्या, पूजा करता येईल म्हणाल्या. बाईंचा नंबर माझ्याकडं आहे. लावू फोन? सगळ्यांसमोर विचारू?"

रेवणभावजींचं तोंड उतरलं. पण तो गडी हटणारा नव्हता. "वैनी, मला बोलायला लावू नका. दादाची अब्रू माझ्या हातात हाय."

"तुमच्या हातात नाही भावजी, माझ्या हातात आहे. मी धुते ती." मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी डोळ्यांनी मला विनवलं, नको म्हणून. तरी मी बोलले. "दादाप्पा, ह्यांना लघवी आवरत नाही. सोवळ्यात गळते. गाभाऱ्यातसुद्धा गळली आहे. शिवरात्रीला भावजींनी बघितलं आणि तेव्हापासून ह्यांना धाक घालतायत, की अंग कापून घे, नाहीतर सांगतो. घ्या, आता मीच सांगितलं. आणखी काही सांगायचंय का भावजी?"

ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रेवणभावजी उठून उभे राहिले आणि परत बसले.

दादाप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. "निळू, खरं हे?"

"खरं," हे हातांआडून म्हणाले.

"कधीपासून?"

"वरीस होत आलं."

दादाप्पा घसा खाकरले. मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मला बारा वर्षं झाली."

"आँ?" आबा म्हणाले.

"आँ काय? तुला न्हाई व्हत?"

आबांनी खाली बघितलं. "शिंकलो की व्हतं."

"माझं थंडीत," बापू म्हणाले. "माझ्या बाचं बी व्हायचं. तो तर फडकं बांधून पालखी धरायचा."

आणि हसायला लागले हो! तिघं म्हातारे एकमेकांच्या मांडीवर थापा मारून हसायला लागले. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांनी तोंडावरचे हात काढले आणि हेही हसले, किती महिन्यांनी! "म्हातारपण देवानंच दिलंय," दादाप्पा म्हणाले, "त्याला काय त्याचा इटाळ? निळू, जा, किरणं घे, बरा हो, श्रावणाला उभा ऱ्हा. आन रेवण्या, तू भावाला कापायला निघालास? थू तुझ्या जिनगानीवर!"

मला आनंद व्हायला हवा होता. नवरा वाचला, मान वाचला, रेवणचं नाक कापलं. पण मी तिथं उभी होते आणि मला शिसारी येत होती. बारा वर्षं! फडकं बांधून पालखी! आणि माझं लग्न झालं तेव्हा ह्याच दादाप्पांनी मला चार दिवस गोठ्यात बसवलं होतं. पद्मा पोटात असताना रक्ताचा एक ठिपका दिसला, तर देवळाच्या पायरीवरून मला हाकललं होतं, तशा अवघडलेल्या अंगानं, भर उन्हात. हे लोक! ओल्या बुडानं गाभाऱ्यात बसणारे आणि आम्हाला अपवित्र म्हणणारे! मला वाटलं, आत्ता ह्यातलं काहीतरी बोलावं. पण हसण्याच्या त्या गलक्यात माझ्याकडं बघतंय कोण?

हसू ओसरल्यावर दादाप्पांनी मात्र माझ्याकडं बघितलं.

"पण निळू," ते म्हणाले, "भाऊकीत, गड्यांच्या तोंडावर, बाईनं असलं बोलणं बरं न्हवं. नवऱ्याचं गुप्त तिनं चारचौघांत काढलं. रीत ती रीत. तिला प्रायश्चित्त घ्याया पायजे. पाच नारळ, आन श्रावण संपूस्तर देवळाची पायरी चढायची न्हाई."

आबांनी मान हलवली. बापूंनी हलवली. रेवणभावजींनीही हलवली, तेवढाच दिलासा मेल्याला.

मी ह्यांच्याकडं बघितलं. म्हटलं, आता तरी बोलेल. ज्याच्यासाठी मी जीभ विटाळून घेतली, तो एवढं तरी म्हणेल, की तिनं माझा जीव वाचवला.

हे मोकळे झाले होते. तोंडावर तजेला आला होता. सहज म्हणाले, "घेईल की ती."

मी कपबश्या गोळा केल्या आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ह्यांना घेऊन दवाखान्यात गेले. रोज नेलं. वेटिंगमध्ये पाणी पाजलं, धरवत नाही म्हणून रडले तर पाठीवर हात फिरवला, वाफा आल्या तर पदरानं वारा घातला, सांडलं तर पुसलं. त्यात मी काही कमी केलं नाही. हे खडखडीत बरे झाले. पुढच्या श्रावणात पालखीपुढं उभे राहिले, आणि अजून राहतात.

मी मात्र देवळाची पायरी चढले नाही. तो श्रावण गेला, त्याच्या पुढचाही गेला. गावातल्या बाया म्हणतात, भामाक्कानं प्रायश्चित्त किती मनाला लावून घेतलं, अजून पाळते. मी म्हणू देते.

परवा शिवरात्रीला हे दारात आले, कपाळाला भस्म, हातात बेलाची परडी. म्हणाले, "भामा, किती वर्षं झाली. तुझं प्रायश्चित्त कधीच फिटलं. आता चल की देवाला."

मी म्हटलं, "माझं फिटलं हो. तुमचं कुठं फिटलंय?"